चांगली माती

दादा, काल मी चाकूरजवळच्या एका गावात गहू करणाऱ्यांपुढं बोलायला गेले होते. मातीचा नमुना कसा घ्यावा, युरिया केव्हा आणि किती द्यावा, तण किती दिवसांच्या आत काढावं. हे बोलायला मला आता कागद लागत नाही. थकवा मात्र येतो, आणि तो प्रवासाचा नसतो. लोक कंटाळले की मी एक गोष्ट सांगते. एक शेतकरी होता, त्यानं तपासणीसाठी उकिरड्याची माती आणली. लोक हसतात. कालही हसले. तो शेतकरी कोण, हे मी कधी सांगत नाही.

तुम्ही ती माती घेऊन कंधारच्या एसटीनं नांदेडला लेकीकडं आलात तो दिवस अजून दिसतो. प्रयोगशाळेत लागून मला वर्षही झालं नव्हतं. बाकीच्यांची माती खताच्या फाटक्या पिशवीतून यायची. तुम्ही आणलीत आईच्या धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात, खडे वेचून, पिठाच्या चाळणीनं चाळून. मला अभिमान वाटला, आणि कुठून घेतली हे विचारायचं राहिलं. अनोळखी माणसाला मी पहिला प्रश्न तोच विचारायचे. अहवाल उत्तम आला. त्यावरून मी माझ्या हातानं लिहून दिलं: पेरणीचं खत अर्धं करा, पहिल्या पाण्याला युरिया नको. तुम्ही कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचलात. "एवढ्यावर भागंल का, माय?" एवढं एकदाच विचारलंत आणि घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलात.

पौषात मी गावी येते तर गहू पिवळा पडलेला. फुटवे नाहीत, दोन ओळींमधली जमीन उघडी, आणि त्या उघड्या जमिनीवर चाकवत आणि हरळी माजलेली. तुम्ही आणि आई खुरपी घेऊन बसलेले, दुसऱ्यांदा निंदताय. शेजारचे काका बांधावरून म्हणतात, "यंदा गहू पेरला का हळद? साहेबीन आल्या का बघाया?" तेव्हा कुठं मी विचारलं, माती कुठली होती. तुम्ही गोठ्यामागचा कोपरा दाखवलात. आजोबांच्या वेळेपासून शेणखत तिथंच पडायचं.

"तूच तर चांगली माती आना म्हन्लीस. अख्ख्या रानात याच्यापरीस चांगली कुठं हाय?"

मी फोनवर तसंच म्हणाले होते. चांगली म्हणजे माझ्या मनात होतं नीट घेतलेली: नागमोडी चालत, दहा ठिकाणची, वीतभर खोलीची, एकत्र मिसळून. ते सगळं मी एका शब्दात उरकलं. आणि तुम्ही, लेकीच्या ऑफिसात न्यायची म्हणून, होती त्यातली सगळ्यात चांगली निवडलीत. मी काय केलं? काकांच्या देखत तुम्हाला शास्त्र समजावलं. तुम्ही खुरपं पुसत ऐकून घेतलंत.

"मंग चूक मव्हीच म्हनायची."

मी म्हणाले, "हाव, दादा."

पुढं गावात कुणी टोमणा मारला की तुम्ही सांगायचात, पोरीचा कागद बराबर होता, माती मीच खोटी दिली. शेवटच्या आजारपणात भेटायला आलेल्यांनाही सांगितलंत. मी तिथंच चहाचे कप गोळा करत होते.

काल हसणं ओसरल्यावर मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "पर बाई, त्या मानसाला माती आना म्हनून सांगितलं कुनी? अन् काय सांगितलं?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, ते काही मला ठाऊक नाही. आणि तणनाशकाचा पंप कसा धुवावा, त्याकडं वळले. बाई माझ्याकडं बघतच राहिल्या, की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही.

हे लिहून कुठं धाडणार? वहीतच राहील. गोष्टीत तुमचं नाव येऊ देत नाही ते तुमचं हसं होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही, दादा. तुमचं नाव घेतलं असतं, तर तुमची लेक कोण, तेही सांगावं लागलं असतं.