मनगटपट्टीवरची सहा घरं

रवि. ११ मे

हरलो. ६–२६. ते सहासुद्धा समोरचे दोघे एकमेकांवर आपटले म्हणून.

चूक माझी. लिहून ठेवते, म्हणजे उद्या हेड कोचवर, उवेवर, ढकलता येणार नाही. फ्लॅग फुटबॉलच्या चोवीस चाली, चार रंगांत, अक्षरं मुंगीएवढी, कार्ड लॅमिनेट केलेलं. लेकीच्या, इराच्या, मनगटपट्टीत ते बसवताना मला काय अभिमान! ती वाचतेय, पोरं टाचा उंचावून बघतायत, तेवढ्यात चाल सुरू करायची वेळ संपल्याची शिट्टी. तीनदा. दर वेळी पाच यार्ड मागे. आणि बाहेरून मी, "हिरवं सात! हिरवं सात!"

गाडीत इरा, जर्मनमध्ये (जर्मनीत वाढतेय, दुसऱ्या कशात बोलणार?): "तू ओरडतेस तेव्हा मला माझं डोकं ऐकू येत नाही." थोड्या वेळाने: "पुढच्या सीझनला तू नको."

बरं, म्हटलं. बरं कसलं डोंबलाचं.

सोम. १२ मे

ऑफिसच्या कँटीनमध्ये थॉमसने पुन्हा तेच विचारलं. अमेरिकन फुटबॉल, बारा वर्षांची पोरगी, हाडं नाही का मोडणार? पुन्हा सांगितलं, आमचा फ्लॅग आहे बाबा. पाच विरुद्ध पाच, धक्काबुक्की नाही, बॉल घेऊन पळणाऱ्याच्या कमरेची पट्टी खेचली की चाल संपली. चार प्रयत्नांत अर्धं मैदान ओलांडायचं, मग पुढच्या चारांत शेवटची रेघ. इरा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल पहिला तिच्या हातात, पुढे कुणाला द्यायचा ते ती बघणार. कुठली चाल खेळायची ते मी सांगणार. निदान आतापर्यंत.

शाळेत मी कबड्डी खेळले. तिथे चढाईला गेलेल्या पोरीला बाहेरून कोण काय सांगतं? हे मला दुपारी मीटिंगमध्ये सुचलं. मीटिंग कशाची होती ते विचारू नये.

बुध. १४ मे

उवेकडे गेले. पेशाने पोस्टमन, शब्दसुद्धा टपाल तिकिटासारखे मोजून वापरतो. म्हणाला, "मुलांना दोन गोष्टी सांग. तिसरी स्वतःलाच सांग."

आणखी म्हणाला, उन्हाळ्यानंतर इरा मोठ्यांच्या टीममध्ये जाणार. तिथे ऑफेन्सला, चाली लावायला, माणूस हवाय, तू चालशील. पण आपल्या फेराइनची, क्लबची, रीत तुला माहितीये. मुलाने हो म्हटलं तरच कोचगिरी करणारे आईबाप बरोबर वर जातात.

इराला विचारलं. "२९ जूननंतर सांगते." २९ला घरच्या मैदानावर टुर्नामेंट, सीझनची शेवटची. म्हणजे माझा प्रोबेत्साइट सुरू. कंपनीतला प्रोबेशनचा काळ एवढा टेन्शनचा नव्हता.

शनि. १७ मे

चोवीसच्या सहा चाली केल्या. कार्डावर सहा चौकोनी घरं, अक्षरं माझ्या सासूबाईंनाही चष्म्याविना दिसतील एवढी.

दुसरी अडचण अशी, की मी बाहेरून ओरडते ते समोरच्यांनाही ऐकू जातं. इंग्लिश आकडे सगळ्यांना येतात, जर्मन तर येतातच. मग म्हटलं, मराठी! एक ते सहा. पोरं खूश. सेंटरला खेळणारी योहाना सहाला "ज़ाहा" म्हणते. फिनला (पिवळे बूट, वाऱ्यासारखा पळतो) "चार" फार आवडला, कारण चार म्हणजे इरा बॉल त्याच्या हातात देते आणि तो उजव्या कडेने सुटतो. सहा म्हणजे चारचं नाटक. फिनला दिल्यासारखं करायचं, द्यायचं नाही, आणि डावीकडे गुपचूप सटकलेल्या योहानाला फेकायचा.

इरा: "पाइनलिश." लाज आणलीस, ह्या अर्थी. पण पाण्याच्या बाटल्यांपाशी फिनला "चार" नीट म्हणून दाखवत होती. मी पाहिलंच नाही असं केलं.

शनि. ३१ मे

फ्रेंडली. जिंकलो, २०–१२! मी "चार" ओरडले की समोरचे कोच आपल्या पोरांकडे बघतात, पोरं कोचकडे. फिन एकटाच पळतोय. अहाहा.

घरी आल्यावर चाल क्र. ७ काढायला बसले होते. खोडरबर हातात घेतला आणि स्वतःला सांगितलं, मेधाबाई, गप बसा.

सोम. ९ जून

प्फिंग्स्ट सणाच्या सुट्ट्या, त्यात बेर्ग, म्हणजे गावची बिअरची जत्रा, सुरू. बस भरभरून, सगळ्या गावाला बिअरचा वास. प्रॅक्टिसला तीनच पोरं येणार होती, उवेने रद्दच केली.

न्याहारीला विचारलं, "दोन" सांगितलं तरी तू लांब फेकत का नाहीस? इराने ब्रोटशन, न्याहारीचे छोटे पाव, मांडले. ही मी, हा फिन, हा समोरून माझ्यावर धावून येणारा. तो माझ्या फेकायच्या हाताच्या बाजूने येतो तेव्हा "दोन" होतच नाही, आई. बघ.

बघितलं. बरोबर होतं तिचं. अक्षरशः बरोबर!

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. तू ओरडत होतीस."

तिने फिन खाल्ला, वर लोणी लावून. मी भांडी घासताना हसत होते. थोडं वाईटही वाटलं.

शुक्र. २७ जून

परवा टुर्नामेंट. कमरेच्या पट्ट्या मोजल्या, बॉलमध्ये हवा भरली, कार्डं नवीन प्रिंट केली. केक आणायची यादी व्हॉट्सॅपवर फिरतेय, सात जणांनी "पास्ता सॅलड" लिहिलंय.

इरा उत्तराबद्दल काही बोलत नाही. मीही विचारत नाही. फार अवघड आहे हे.

रवि. २९ जून, संध्या. साडेसात

बाल्कनीत बसून लिहितेय. पाय दुखतायत. मैदानावर मी धावलेच नव्हते, तरी.

पहिल्या दोन मॅच, एक जिंकलो, एक गेली. शेवटची उंटरश्लाइसहाइमशी.

"चार" ओरडले. फिन पाच यार्डांत आऊट. पुन्हा "चार", त्यांची एक चुणचुणीत वेणीवाली पोरगी आधीच उजवीकडे जाऊन उभी! "दोन", तर दोघं मागे पळाले. हे कसं काय?

हाफटाइम. ०–१३.

इरा पाणी पीत पीत, "आई, तो ओपा."

समोरच्या कडेला घडीच्या खुर्चीवर एक आजोबा. पांढरी टोपी, स्वेटर (तीस डिग्रीत स्वेटर!), आणि त्या वेणीवालीला, खणखणीत मराठीत: "सानिका, चार म्हणाली ना, की तो पिवळ्या बुटांचा उजवीकडनं सुटतो बघ!"

कपाळावर हात मारला. एर्लांगेनला दर चौथ्या बसमध्ये मराठी ऐकू येतं, सुपरमार्केटात मी स्वतः वळून बघते, आणि मला वाटलं ही माझी गुप्त भाषा! एवढी कशी मी बावळट?

उवे म्हणाला, "दोन गोष्टी." मी लगेच, "सोपं आहे. मी म्हणेन त्यात एक मिळवायचा. तीन म्हटलं की चार खेळा, पाच म्हटलं की—" पोरं माझ्याकडे बघत राहिली. योहानाने विचारलं, "बेरीज मराठीत करायची का?"

इरा म्हणाली, "नको. तू काही ओरडू नकोस. मी ठरवते."

उवेने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच. "एकच गोष्ट मग," मी म्हटलं. "इराचं ऐका." आणि तोंड मिटलं.

दुसरा हाफ. हाताची घडी घालून उभी. तिने आपसांत कुजबुजत छोटे छोटे पास लावले, माझी "एक"च ती, पण तिच्या वेळेवर. सरकत सरकत गेले, टचडाऊनचे सहा, वरचा एक पॉइंट. ७–१३.

मग शेवटचे काही सेकंद. अर्ध्या मैदानापुढे, चौथा प्रयत्न. आणि माझी पोरगी, घरी "मीठ दे"सुद्धा जर्मनमध्ये म्हणणारी, मान वर करून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "चार! चार!"

मला वाटलं, झालं, विसरली ही! "अगं चार नको!" घशापर्यंत आलं होतं. पलीकडे आजोबा खुर्चीतून उठून, "सानिका, चार! उजवीकडे!" सगळी टीम उजवीकडे. फिन रिकामे हात पोटाशी घेऊन पळतोय. आणि डावीकडे योहाना एकटी.

सहा होतं ते. तिने पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं, ओरडेन चार, खेळू सहा. योहानाने बॉल छातीशी घट्ट धरून रेघ ओलांडली. मी रडले. उवेने रुमाल दिला, पोस्टाच्या पिवळ्या रंगाचा.

१३–१३. राहिला वरचा एक पॉइंट, तो मिळाला की जिंकलो. इराने फिनला कोपऱ्यात उंच फेकला, त्याच्या बोटांना लागून गेला. शिट्टी. बरोबरीच.

मी "एक" दिली असती. योहाना समोर मोकळी होती. उंच फेकायची काय गरज होती... हे इथेच लिहितेय, तिथे एक अक्षर बोलले नाही. आयुष्यातली माझी सर्वांत मोठी कामगिरी.

नंतर आजोबा मैदान ओलांडून आले. "अहो ताई, माफ करा हं. मुलीकडे आलोय तीन महिने. ह्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. सकाळपासून तुम्ही मराठीत ओरडत होतात आणि आज पहिल्यांदा मॅच कळली." मग इराकडे वळून, "पण पोरी, शेवटी मलाच गंडवलंस की गं!"

इरा लाल झाली. "सॉरी, आजोबा," मराठीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गाडीत तिने विचारलं, "शेवटी तू काय दिलं असतंस?"

उत्तर जिभेवर होतं. म्हटलं, "आधी पाणी पी."

तिने बाटलीआडून माझ्याकडे बघितलं आणि हसली. ओळखलंन बहुतेक.

बुध. २ जुलै

२९ होऊन गेली. उत्तर नाही. उवेचा मेसेज, मोठ्यांच्या टीमची यादी रविवारपर्यंत द्यायचीय. इराला फॉरवर्ड केला, खाली काहीही न लिहिता. एक स्माइली टाकली होती, तीही काढली.

रवि. ६ जुलै

सकाळी माझ्या लॅपटॉपवर इराची मनगटपट्टी. आत नवीन कार्ड, हाताने काढलेलं, फूटपट्टी न वापरता, रेघा वाकड्या. सहा घरं, देवनागरी आकडे. पाचचा आकडा उलटा पडलाय, पण आहे. पाच घरांत पाच चाली, सगळ्या तिच्या. दोनमध्ये आता बॉल लांब जात नाही, न्याहारीला ब्रोटशन मांडले होते तसंच काढलंय. सहावं घर कोरं.

ती दात घासत होती. विचारलं, हे काय?

तोंडात फेस ठेवूनच म्हणाली, "सहावी तू काढ. मग बघू. फीलाइश्ट." कदाचित, म्हणे.

उवेला कळवलं, संध्याकाळपर्यंत थांब.

पेन्सिल घेऊन बसलेय. तीनदा काढलं, तीनदा खोडलं. पहिलं फार हुशार झालं होतं, दुसऱ्यात मला ओरडावं लागलं असतं. तिसऱ्यात फिन चुकून मैदानाबाहेर गेला. इरा दोनदा येऊन मागून डोकावून गेली. कागद आता थोडा फाटायला आलाय, तिच्याकडेच दुसरा मागावा लागणार.