शेवटचं रीळ

४ जानेवारी १९९६, गुरुवार

डोलवीला कॅन्टीनमध्ये अक्षयने गाठलं. कल्याणचा पोरगा, प्लँटवर इंजिनियर, बोलायला लागला की थांबत नाय. कंपनीच्या गॅदरिंगला एक जुना सिनेमा स्टेजवर करायचाय म्हणे — गाण्यांसकट. कुठला, तर शेवग्याच्या झाडाचा! शेजारी आणि शेजारीण, मधे कुंपण, कुंपणात झाड. शेंगा कुणाच्या यावरून भांडण, मग पैज — जो आधी बोलेल त्याचं झाड गेलं. आणि नेमके दोघं प्रेमात पडतात.

त्याला गोष्ट आजोबांकडून अर्धीच माहीत. कॅसेट कुठं मिळत नाय. "काका, तुम्ही पाहिलाय ना? आणि पेटीही वाजवता म्हणे."

पाहिलाय. एकाहत्तर साली, रोह्याला, तंबूत. तामारबरोबर. म्हणजे मधे तिची मावशी बसलेली. लग्न तेव्हा ठरायचं होतं.

हो म्हणून टाकलं. नाय म्हणायला जोर लागतो.

७ जानेवारी, रविवार

पेटी काढली. तामार गेल्यापासून कपाटावर होती. आमच्यात, ज्यू लोकांत, बायकोसाठी तीस दिवस पाळायचे, तेवढे दिवस गाणंबजावणं नाय. तीस दिवस ऑगस्टातच संपले. पुढचे महिने मी उगाच पाळले.

पोरगी शीरा, भाकरी थापता थापता माझ्याकडं बघत होती. बापाला काय तरी वाटेल, रडेल बिडेल, म्हणून. काय वाटलं नाय. मधला एक सूर अडकतो, एवढं कळलं.

११ जानेवारी

पहिली तालीम. मूळ सिनेमात गाणी दोन. अक्षयने केलीत अकरा.

मी म्हटलं, अरे, त्यांनी बोलायचंच नाय, तर गातील कशी? तर म्हणतो, "पैज न बोलण्याची आहे काका. न गाण्याची नाही." डोकं हाय पोराला. दोघं कुंपणाच्या दोन बाजूंनी गातात — झाडाला उद्देशून, विहिरीला उद्देशून, एक गाणं तर पोस्टमनला. सगळे हसून लोटपोट. मीपण हसलो. नुसत्या तोंडाने.

शेजारीण झालीय स्टोअरमधली अनिता. गळा चांगला हाय.

१४ जानेवारी, रविवार

शुक्रवारची तालीम चुकवली. दिवेलागणीला घरी असावं लागतं. शब्बाथचा दिवा आता शीरा लावते. वात मोठी ठेवते, काजळी धरते. मी सांगत नाय.

शनिवार सगळा मोकळा. लिहायचंही नाय त्या दिवशी. तो दिवस ढकलताना जीव जातो.

१६ जानेवारी

भांडलो.

अक्षयने शेवट विचारला, मी सांगितला. ती कुंपणापाशी येते. पांढरं लुगडं, ओच्यात शेंगा. म्हणते, "हरले मी. झाड तुमचं. आता तरी आत या." तो येडा हलतच नाय. मग तीच फाटक उघडते. संपला सिनेमा.

अक्षय म्हणाला, "छे, असं नको. हिरो आधी बोलतो, मग सगळे नाचतात. लोकांना नाच पाहिजे."

मी पेटीचा भाता लावला. शेवट बदललात तर दुसरा पेटीवाला बघा, म्हटलं. आवाज चढला माझा. तसाच घरी निघून आलो.

मलाच नवल वाटलं. शीराने आईची लुगडी वाटून टाकली तेव्हा मी पेपर वाचत होतो. पण हा शेवट आम्ही दोघांनी एकत्र बघितलाय. पंचवीस वर्षं तामार त्यावरून मला चिडवायची. "तो ढिम्म, तसेच तुम्ही." तिचं सगळं गेलं, मला कशाचं काय वाटेनासं झालं. तेवढं एक तरी कुणी पुसू नये.

१८ जानेवारी

बसस्टॉपवर अनिता धावत आली. "काका, मला तुमचाच शेवट आवडतो वो. पण अक्षय सर म्हणतात, सिनेमात खरंच तसा हाय का ते कुणाकडून तरी कळू द्या. मग नाय बदलणार."

रोह्याला हैबतराव हाय अजून. तंबूचा ऑपरेटर. त्याला विचारतो.

२१ जानेवारी, रविवार

रोह्याला जाऊन आलो. हैबतराव ओटीवर वाल सोलत बसलेला. एका डोळ्याने दिसत नाय, पण डोकं शाबूत. त्यांचा धंदा असा होता — प्रिंट एकच, तंबू दोन. संध्याकाळचा खेळ पेणला, रात्रीचा रोह्याला. पेणला एकेक रीळ संपलं की डबा मोटरसायकलवर टाकून रोह्याला पिटाळायचा.

शेवट विचारला तर म्हणाला, "रूबेन, तुमच्या त्या खेळाला शेवटचं रीळ आलंच नाय रोह्याला. लोकांनी दगड मारले. मालक मागनं पळाला."

मी म्हटलं, मी बघितलाय शेवट.

"काय बघितलंस? कोरा पडदा?"

पुढं काय तरी सांगत होता. मी उठलो. चहा पण तसाच राहिला.

नागोठणं येईपर्यंत मनात त्याला शिव्या घालत होतो. मग हळूहळू आठवलं. कंदील पेटवले होते. लोक ओरडत होते. मावशी तणतणत पुढं निघाली, आणि मी नि तामार मागनं, कुंडलिकेच्या काठाने. ती म्हणाली, "मी पेणला बघितलाय. शेवट सांगते." आणि सांगितला. मी फक्त ऐकला होता. लुगडं, ओचा, शेंगा सगळं मीच मागाहून बघितलेलं.

असू दे. तिने तर बघितला होता.

२२ जानेवारी

अक्षयला सांगितलं — हैबतरावला विचारून आलो, शेवट हाच. त्याला पटलं. धडधडीत खोटं बोललो. त्याचंही काय वाटलं नाय.

१ फेब्रुवारी

अक्षयने परस्पर हैबतरावला पाहुणा म्हणून बोलावलंय. पहिल्या रांगेत खुर्ची! त्याने तोंड उघडलं तर माझी पंचाईत. जे होईल ते होईल.

११ फेब्रुवारी, रविवार

झालं एकदाचं. पोस्टमनच्या गाण्याला वन्समोर. अडकणारा सूर दोनदा अडकला, कुणाला कळलं नाय.

शेवटी अनिता फाटकाशी आली आणि न गाता, साध्या आवाजात म्हणाली, "हरले मी." मग टाळ्या थांबेनात. शीरा डोळे पुसत होती. अक्षयने येऊन मला मिठी मारली, "काका, तुमचं बरोबर होतं."

मला वाटलं होतं, निदान तिथं तरी काय तरी होईल आत. पेटी पुसली, झाकली.

१२ फेब्रुवारी, सोमवार

काल निघताना हैबतरावने हात धरला. "शेवट झकास. कुणी रचला?" म्हटलं, रचलाय कुठं, सिनेमातलाच, तामारने पेणला बघितलेला. तो म्हणाला, "कसा बघंल? त्या दिवशी पहिलाच खेळ. शेवटचं रीळ पेणला मशीनीतच जळालं, म्हणून तुमच्याकडं आलं नाय. दुसऱ्या दिवशी प्रिंट परत धाडली. शेवट दोन्ही गावांत कुणीच बघितला नाय."

म्हणजे नदीकाठाने ती मला सिनेमा सांगतच नव्हती. मलाच म्हणत होती, आत या. एकवीस वर्षांचा मी, शेजारी चालत होतो, आणि म्हणालो होतो — बरा हाय शेवट.

कामावर गेलो नाय. सकाळपासून रडतोय. शीराने दोनदा चहा गरम केला.