दारच्या माणसाची मूठ

चि. सौ. अंबिकेस आशीर्वाद.

टँकर आला म्हणून घागर घेऊन जाते आहे. तू आणि माझा लेक भीमा आठवड्यानं खडीच्या कामावरून घरी आलात आणि मी दिसले नाही, तर घाबरू नका.

तुम्ही गेल्यावर ज्वारीची कणगी रिकामी झाली. दळणाआधी मूठभर ज्वारी दारी येणाऱ्यासाठी गाडग्यात टाकायची, ही माझ्या सासूबाईंची रीत. त्या म्हणत, ती मूठ देव सांभाळतो. तू हसायचीस, "आत्याबाई, आपल्यालाच न्हाई, आन् दारी कोन येनार?" खरंच, या दुष्काळात कोणी जोगीही फिरकला नाही. गाडगं भरलं. पण दारच्या माणसाच्या ज्वारीला घरच्यानं हात कसा लावावा? उपाशीच निजले. सकाळी उंबऱ्याबाहेर जाऊन पदर पसरला आणि आपल्याच घराला हाक मारली, "माय, वाढ गं." आतून कोण ओ देणार? शेवटी मीच आत येऊन स्वतःला वाढलं.

देवानं दिलं, अंबिके. गाडग्यात अजून ज्वारी आहे, तुम्हा दोघांना पुरेल. मात्र मी येईपर्यंत थांबा. मग बाहेर जाऊन मागा. या वेळी आतून ओ द्यायला मी असेन.