थंड मलम

सोमवार

आले एकदाची! नवा दवाखाना, नवी नोकरी, आणि ड्रेसिंगच्या खोलीला चक्क खिडकी. पाय दुखून दुखून बोलायला लागलेत, तरी आज मी खूश आहे. दादाच्या पायाची जखम चिघळली तेव्हा बाकीचे डॉक्टर पाय कापायलाच निघाले होते. इथे नव्या मलमाची माणसांवर पहिलीच चाचणी आहे, तीत त्याला घेतलं.

मोठ्या डॉक्टरांनी बजावलं, मलम फ्रिजमधून काढून लाकडी पट्टीनेच लावायचं. गार मलम उघड्या जखमेवर? माणूस कळवळतो हो! मी आपली नेहमीसारखी तळहातांवर चोळून ऊब आणली आणि बोटांनी लावलं. इतकी वर्षं हेच केलंय. दादा म्हणाला, चिमणे, तुझा हात लागलेला कळतही नाही.

बुधवार

पू गेला, वास गेला, गुलाबी कातडी धरली! मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. दादाचे ओठ तापाने फुटलेत, म्हणून व्हॅसलीन लावलं, नाक पुसलं. मेलं मलम किती चिवट, साबणानेही हातावरून जात नाही.

शुक्रवार

शेजारच्या खाटेवरच्या शिंपीकाकांचा हात कोपरातून सरळ होईना. दुमडला तिथेच कातडीला कातडी जोडली गेलीय. मोठे डॉक्टर म्हणाले, या मलमाला थांबायचं कळत नाही, म्हणून तर लाकडी पट्टी. हे आधी सांगायला काय झालं होतं? दादाच्या पायाची करंगळी शेजारच्या बोटाला चिकटलीय. पाय वाचला ना, मग बास, म्हणाला. मी हात पदराखाली घेतले.

शनिवार

माझी दोन बोटं जोडली गेली. कापून सोडवली. जेवून येते तो पुन्हा—

मी फार थकलेय. कुणाला सांगू?

रविवार

दादाच्या ओठांचा कोपरा मिटलाय. हसताना ओढतं म्हणाला. मीच लावलं होतं ना व्हॅसलीन, याच बोटांनी. देवा, याच बोटांनी.

सोमवार

दादाचं तोंड पूर्ण मिटलं. फोनवर मोठे डॉक्टर म्हणाले, ते पोचायच्या आत श्वास अडला तर सुरीने तूच ओठांत चीर दे. सुरी काढून ठेवलीय. बोटं हलती राहिली तर जोडली जात नाहीत, म्हणून लिहितेय— काहीही लिहितेय—

माझी डावी मूठ केव्हाच मिटली.

नाकातून श्वास चालू आहे. नाकही मीच पुसलं होतं.

शीळ वाजतेय त्याच्या नाकात. बारीक होतेय. बघतोय माझ्याकडे.

आले, दादा, आले. सुरी घेते. आधी ही पेन्सिल— थांब रे, ही सुटत ना—