उंबराखालचं तणस

दादा,

तुले पत्र लिवाचं म्हणजे येडेपणाच! पण आज तुही पोरगी बबली असं काही बोलली का घरी कोणाले सांगावं, समजत नाई. म्हणून घाटावर तुह्याच डोंग्याले टेकून लिवून रायलो.

वैनगंगा काठोकाठ आहे. वर धरणाचे दरवाजे उघडले म्हणतात. नाल्याले पूर, गाड्या बंद. आन् बबलीचा नर्सिंगचा पेपर पल्याड. सकाळीच बॅग घेऊन आली, "काका, डोंगा सोडा, मले पल्याड न्या."

तू शिकवलं तसंच केलं मी. डोंगा दोरानं वर ओढत काठावरच्या उंबरापर्यंत नेला, नाक धारेकडं केलं आन् धानाचं मूठभर सुकलं तणस पाण्यात टाकलं. तणस सरळ गेलं तं बसाचं. मधल्या खडकापाशी गरगरलं तं डोंगा काठावर पालथा घालाचा, त्या दिवशी जाचं नाई. आठवते ना? पाठीत बुक्के मारून शिकवलं होतंस!

तणस गरगरलं. पुन्हा टाकलं, पुन्हा गरगरलं. मी डोंगा पालथा घातला.

पोरगी रडली, हात जोडले. मंग म्हणाली, "माहे बाबा असते तं त्यायनं सोडला असता!"

घाटावरचे लोकं माह्याकडंच पाहून रायले.

तिले अजून कोणी खरं सांगितलं नाई. लहान होती, बाबा पुरात गेले एवढंच सांगितलं. त्या दिवशी लग्नाचे वराती पल्याड जाले खोळंबले होते. कोणीतरी हासून म्हटलं, "काऊन, भेले का?" आन् तू घाटावरूनच डोंगा ढकललास! उंबरापर्यंत गेला नाईस, तणस टाकलं नाईस. वराती पोहत काठाले लागले. तू नाई लागलास.

मले शिकवलं, मंग सोता काऊन नाई केलं रे? एका टोमण्यापायी? लय राग येते तुहा. आता तं रागवाचाही थकवा येते, दादा.

पोरगी बरोबरच बोलली. सोडला असतास तू. म्हणूनच तं तिले आज माह्यासमोर हात जोडा लागले.

पेपर गेला. ती जेवली नाई, माह्याशी बोलतही नाई. असू दे.

पाणी उतरलं का तिले उंबराखाली नेतो. तिच्याच हातानं तणस टाकाले लावतो, आन् त्या दिवशीचं सगळं सांगतो. ती मले भित्रा म्हणो, गाव म्हणो. तुही पोरगी पल्याड नेईन, दादा. उशीर झाला तं झाला, पण कोरडी नेईन.

तुहा भेलेला भाऊ,
नामदेव