चार मास्क

सोम. २४ नोव्हें.
हॉकीचे मास्क आले. दोन वर्षं अर्ज करत होते, शेवटी आले. चार. पेनल्टी कॉर्नरला गोलमधून ज्या चौघी बॉलवर धावतात, त्यांच्यासाठी. मागच्या वर्षी ज्योतीचे पुढचे दोन दात गेले, ते डोळ्यांसमोरून जात नाही. मुली मास्क घालून एकमेकींना भुतं म्हणून हसत होत्या.

गुरु. २७ नोव्हें.
मनीषा (नववी, वेवजी) पहिली धावते. आत्तापर्यंत बॉल सुटला की तोंड फिरवायची. किती ओरडले असेन तिला! आज सरळ गेली, थेट स्टिकसमोर. छान वाटलं. सुनंदा मारणारी, तिचा हात अजून आखडतो. तिला म्हणाले, "उचलून मार गं. मास्क आहेत त्यांना."

बुध. ३ डिसें.
डहाणूच्या शाळेशी मैत्रीची मॅच. २-१, जिंकलो. मनीषाने एक बॉल मांडीवर अडवला. काळानिळा डाग सगळ्यांना दाखवत फिरत होती.
त्यांचे सर निघताना म्हणाले, "मॅडम, तुमच्या मुली अंगावर यायला लागल्या. मास्क नव्हते तेव्हा दोन्हीकडच्या जपून खेळायच्या."
"मग काय दात पडू द्यायचे?" मी म्हणाले. जरा तोडूनच.
हरले म्हणून बोलतायत, असं वाटलं.

सोम. ८ डिसें.
सरावात सुनंदाचा बॉल उंच गेला. मनीषा सरळ धावली, अगदी जवळ गेल्यावर मान वळवली. कानामागे लागला. तिथे मास्क नसतो, नुसता पट्टा.
खाली बसली. "काही नाही मॅडम." मग उलटी.
जीपने वापीला, दवाखान्यात. रस्ताभर माझा हात धरून. पुढचं आज लिहवत नाही.

बुध. १० डिसें.
कवटीला बारीक तडा. जिवाचं भय नाही, डॉक्टर म्हणाले. उजव्या कानाने ऐकू येत नाही. येईल, कदाचित नाही येणार.
तिची आई कामावरून तशीच आलेली, हाताला सिमेंट. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "पहिले घाबरायची ना मॅडम, तेव्हा बरी होती."

रवि. १४ डिसें.
अच्छाडला सुनंदाकडे. आठवडाभर शाळेत नाही. वडील ढाब्यावर कामाला, घरी ती एकटीच. चहा केला, समोर ठेवला, बसली नाही.
"मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना, उचलून मार म्हणून?"
दोष देत नव्हती. खरंच विचारत होती. आपल्याला नीट आठवतंय ना, एवढंच.
"हो. मी सांगितलं."
तेव्हा रडली. बहुतेक पहिल्यांदाच.
मास्क मागितले मी. उचलून मार म्हणाले मी. मनीषाची भीती घालवली तीही मीच, आणि त्याला शाबासकीही...

शनि. २० डिसें.
मनीषा दवाखान्यातून घरी आली, भेटायला गेले. डाव्या बाजूला बसून बोलावं लागतं, मी दोनदा विसरले. कधी खेळू, विचारते.
म्हणाली, "मास्क नसता तर मी आधीच वाकले असते. पण नसते वाकले तर डोळाच गेला असता ना?"
आणि हसली.

सोम. २२ डिसें.
परवा जिल्ह्याची मॅच. गुडघ्याच्या वर बॉल नको, असं मुलींना बजावलंय. डहाणूच्या सरांना फोन करून माफी मागितली. म्हणाले, "आमच्याही मुलींना सांगतो. पण मॅचमध्ये कोण ऐकणार हो?"
मनीषाच्या जागी कविता, सातवीची. मास्क तिला मोठा होतो.
आज सुनंदा मैदानावर आली. स्टिक घेतली नाही, माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मारायला दुसरी मुलगी तयार, गोलमध्ये कविता वाकून उभी.
सुनंदा हळूच म्हणाली, "मॅडम, तिला सांगा ना, नको धावू."
शिट्टी माझ्या तोंडात होती. सगळ्या माझ्याकडे बघत उभ्या.