एकतिसावा प्रश्न: फुटलेली पॅनेलं कुठे जातात?

३ सप्टेंबर, बुधवार

कारखान्यासाठी पर्यावरणाचा दाखला काढू म्हटलं, तर साहेब पुन्हा हसले! म्हणे, "अगं, आपण उन्हावर चालणारी वस्तू बनवतो. तिला असला दाखला कशाला?" सगळी केबिन हसली. माझं डोकंच फिरलं. अकरा वर्षं तपासणीच्या टेबलावर सोलर पॅनेलं उलटीपालटी करतेय मी. तारा जोडायला जे सोल्डर, म्हणजे डाख, वापरतो त्यात शिसं असतं. वीज स्वच्छ म्हणून वस्तू स्वच्छ होत नाही — मी तोंडावर बोलले.

शेवटी साहेब वैतागून म्हणाले, दाखल्याचा फॉर्म तू भर, सही मी करतो. भरणारच!

५ सप्टेंबर, शुक्रवार

चौसष्ट प्रश्न. बावीस झाले. मान धरली.

७ सप्टेंबर, रविवार

घरी ओट्यावर बसून भरला. एकतिसावा प्रश्न: फुटलेली पॅनेलं कुठे जातात? इथे आपण बाजी मारली! इतरांच्या कारखान्यांमागे ढीग पडलेत. आमचं आवार लख्ख — कारण तडा गेलेला माल साहेब आम्हालाच फुकट वाटतात आणि आम्ही हौसेने नेतो. लिहिलं: 'पुन्हा वापरात येतात. एकही पडून नाही.'

आमच्याच परसात बाबांच्या अवजारांच्या शेडवर तसल्या बारा पॅनेलांचं छप्पर आहे. मीच टेम्पोत घालून आणली होती. पावसाचं पाणी पन्हळीतून पिंपात, पिंपातून टोमॅटोंना. बाबांना त्याचा कोण अभिमान! येईल-जाईल त्याला दाखवतात. वहिनीला सातवा महिना, तिला टोमॅटोशिवाय काही गोड लागत नाही. वाटीभर चिरते, वर मीठ. दादा म्हणतो, बाळ लालबुंदच होणार.

११ सप्टेंबर, गुरुवार

दाखल्यासाठी प्रयोगशाळेला पाण्याचे दोन नमुने हवेत. एक कारखान्याच्या गटाराचा, दुसरा तुलनेसाठी, लांबचा आणि स्वच्छ. साहेब म्हणाले, विकतची बाटली दे. असली लबाडी मला जमत नाही. दुसरा घरून नेला. बाबांनी स्वतः पिंपातून भरून दिला, बाटली पुसूनबिसून. "आमचं पाणी बघून साहेब लाजेल तुझा," म्हणाले.

१५ सप्टेंबर, सोमवार

वाट बघणं हा माझा प्रांत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

निकाल आला. साहेब स्वतः टेबलापाशी आले. गटाराच्या पाण्यात शिसं मर्यादेच्या आत! दाखला आलाच समज, म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला "शाब्बास" म्हणाले. मी हवेत.

मग दुसरं पान उलटलं. दुसऱ्या बाटलीत शिसं मर्यादेच्या सहापट. वाटलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. फोन केला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, नमुन्यांवर नंबर असतात, चूक नाही. "पाणी कशावरून वाहत येतं हो तुमच्याकडे?" शेडवरचं छप्पर आठवलं. फोन ठेवला.

घरी आले तर बाबा टोमॅटोंना पाणी घालत होते. हातातून झारी काढून घेतली. सगळं सांगितलं. ते छपराकडे बघत म्हणाले, सूनबाईला मी सांगू की तू? मीच सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती पोटावर हात ठेवून बसली. उद्या दादा तिला रक्त तपासायला नेतोय. मी आणली ती पॅनेलं. मीच! झोप लागणार नाही, पण फॉर्म हातात आहे अजून.

२४ सप्टेंबर, बुधवार

छप्पर उतरवलं. पिंप उलटं केलं नाही — ते पाणी ओतायचं तरी कुठे?

साहेब म्हणतात, दुसऱ्या बाटलीचा कागद जोडायची गरज काय, तो कारखान्याचा नाहीच. जोडला. कोणी किती पॅनेलं घरी नेली त्याची यादी केली. अडतीस घरं. तीही जोडली. सही करणार नाही म्हणाले. उद्या पुन्हा जाईन, परवा पुन्हा.

एकतिसावं उत्तर खोडलं. फुटलेली पॅनेलं कुठे जातात?

आमच्या घरी.